बारावीच्या अर्थशास्त्रातलं सोनं: मागणीची लवचीकता

अकरावी-बारावीला अर्थशास्त्र घेतलेली बरीच मुलं व्याख्या पाठ करतात, आकृत्या घोटतात आणि पेपर झाला की पुस्तक रद्दीत देतात. राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकातलं ‘मागणीची लवचीकता’ हे एक प्रकरण तरी जपून ठेवा. माझ्या मते अख्ख्या अभ्यासक्रमात याहून कामाचं काही नाही.

सूत्र सोपं आहे: मागणीतल्या शेकडा बदलाला किमतीतल्या शेकडा बदलाने भागायचं. उत्तर (वजा चिन्ह सोडून) 1 पेक्षा कमी आलं, तर मागणी कमी लवचीक.

आता कांदा घ्या. समजा, 2,000 रुपये क्विंटलने 100 क्विंटल खपतो. पीक भरघोस आलं, भाव निम्म्यावर, 1,000 रुपयांवर आला. म्हणून आपण दुप्पट कांदा खाणार का? फार तर भजी वाढतील! खप 120 क्विंटल झाला असं धरू. लवचीकता 20 भागिले 50, म्हणजे 0.4. शेतकऱ्यांकडे आधी 2 लाख यायचे, आता 1 लाख 20 हजार. माल जास्त, पैसा कमी. लासलगावच्या बाजारातला संताप या एका भागाकारात दिसतो. मीठ, औषधं, पेट्रोल यांची मागणीही अशीच हट्टी. म्हणूनच सरकारला पेट्रोलवर कर लावणं सोयीचं जातं.

निर्देशांक आणि राष्ट्रीय उत्पन्नाची प्रकरणंही वाचण्यासारखी आहेत. बाजाराचे प्रकार मात्र जरा रटाळ वाटतात.

पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं. शाळा सोडून वीस वर्षं झाली असली तरी उतरवून घ्या.