वजनाने भरलेला, जागेने रिकामा

गोदाम सुधारायचे म्हटले की उंच रॅक आणि स्वयंचलित यंत्रे डोळ्यांपुढे येतात. बेळगावजवळच्या मच्छे आणि उद्यमबागेच्या फाउंड्री व मशीनशॉपच्या पट्ट्यात हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण इथला माल जागेपेक्षा वजनाने भारी पडतो. बिडाचा एक घनमीटर सुमारे ७.२ टन भरतो. म्हणजे दहा टनांच्या ट्रकची क्षमता जेमतेम १.४ घनमीटर धातूतच संपते. कास्टिंगमधल्या पोकळ्या धरल्या तरी हौद्याचा मोठा भाग रिकामाच पुण्याच्या वाटेला लागतो. म्हणून माझ्या मते पहिली सुधारणा गोदामाच्या दारात व्हायला हवी: खाली थोडे कमी कास्टिंग, वर हलका माल, आणि शेजारच्या कारखान्यांची एकत्र गाडी. वाचलेल्या प्रत्येक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड टळतो.

एकत्र गाडीसाठी थांबले तर माल उशिरा पोचेल, ही लहान कारखानदाराची भीती रास्त आहे. पण गाडीचे वार ठरलेले असले तर ग्राहकही त्याप्रमाणे मागणी लावतो. शिवाय जीएसटी १ जुलै २०१७ रोजी आल्यावर निपाणीजवळच्या राज्यसीमेच्या अलीकडे-पलीकडे केवळ केंद्रीय विक्रीकर टाळण्यासाठी वेगळे गोदाम ठेवण्याचे कारणही उरले नाही. एकाच ठिकाणी साठा ठेवल्यास जुना माल आधी बाहेर काढणे सोपे जाते. बेळगावच्या पावसाळी दमटपणात मशिनिंग केलेल्या भागांवर गंज चढायला फार दिवस लागत नाहीत, आणि गंजलेला भाग पुन्हा घासणे म्हणजे वीज व मजुरी दुसऱ्यांदा खर्च करणे.