विजेच्या मोटारीला आवाज का देतात?



मोटार म्हटली की आवाज आलाच. आमचे घर पोलादपूर तालुक्यात, रस्त्याच्या वरच्या अंगाला आहे. आंबेनळी घाटातून गाडी उतरू लागली की ती दिसायच्या आधी आमच्या आजोबांना ऐकू येते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. समोरचा माणूस नीट ओळखू येत नाही. पण ओसरीवर बसून ते सांगतात, "ही एस.टी. नाय, ट्रक हाय, आन् भरलेला हाय." आणि ते बहुधा बरोबर निघते.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी आजोबांबरोबर डोळे दाखवायला महाडला गेलो होतो. बाजारपेठेतला रस्ता अरुंद. रस्ता ओलांडण्याआधी आजोबा थांबले, कान दिला आणि "चल, काय नाय" म्हणून पुढे झाले. मी औषधांची पिशवी सांभाळत मागे होतो. तेवढ्यात एक पांढरी मोटार मागे मागे येत त्यांच्या छत्रीला टेकली. छत्री पडली आणि आजोबा मटकन खाली बसले. नशीब, लागले काही नाही. गाडीवाले काका धावत आले. त्यांनी आजोबांना उठवले, पाणी दिले आणि म्हणाले, "आजोबा, गाडी विजेवरची आहे हो. आवाज येत नाही तिचा."

आजोबा म्हणाले, "मग ज्याला दिसत नाय त्यानं काय करायचं?"

हा प्रश्न मी शाळेत गुरुजींना विचारला. त्यांनी समजावले ते आणि नंतर वाचले ते येथे लिहीत आहे.

गाडी गप्प का असते?

पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पेटते. मिनिटाला शेकडो वेळा हे लहान लहान स्फोट होतात, म्हणून इंजिन घरघरते. गाडी उभी असली तरी इंजिन चालू असते व ते आपल्याला कळते. विजेच्या मोटारीत काहीच पेटत नाही. तारेच्या वेटोळ्यांतून वीज जाते, चुंबकत्व तयार होते आणि त्याने आस फिरतो. गाडी थांबली की तोही थांबतो. मग अगदी चिडीचूप!

मात्र गाडी वेगात असली की टायर रस्त्यावर घासल्याचा आणि वाऱ्याचा आवाज येतोच. म्हणून खरा धोका हळू चालणाऱ्या गाडीचा. बाजारात, शाळेच्या फाटकाशी, गाडी मागे घेताना. आणि माणसे पायी चालतात ती नेमकी तिथेच.

आम्ही केलेला प्रयोग

गुरुजींनी आम्हाला एक प्रयोग करायला लावला. एका मुलाचे डोळे रुमालाने बांधून त्याला मैदानात उभे केले. दुसरा मुलगा मागून हळूच सायकल घेऊन आला. ऐकू आली की हात वर करायचा. सायकल अगदी पाठीशी येईपर्यंत हात वर गेला नाही. मग आम्ही चाकाच्या तारांना लागेल असा पुठ्ठ्याचा तुकडा बांधला. फट्-फट्-फट्! आता सायकल फाटकाजवळ असतानाच हात वर गेला. शिवाय सायकल जोरात येते आहे की हळू, तेही त्याला सांगता आले, कारण वेग वाढला की फटफटही वाढते.

विजेच्या मोटारीत हाच पुठ्ठा यंत्राने बसवतात. सहसा पुढच्या भागात एक लहान कर्णा असतो. गाडीतला संगणक वेग पाहून त्यातून गुणगुणल्यासारखा आवाज काढतो. वेग वाढला की सूर चढतो. गाडी मागे घेतानाही आवाज येतो.

आजी म्हणाली, "यात नवल काय? बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा कशाला घालत होते?" खरेच आहे. पूर्वी टपाल घेऊन धावणाऱ्या हरकाऱ्याच्या काठीलाही घुंगरू असत.

कायदे काय सांगतात?

अमेरिकेत अंध लोकांच्या संघटनेने हा प्रश्न लावून धरला आणि जानेवारी २०११ मध्ये तेथे कायदा झाला. युरोपात जुलै २०१९ पासून नव्या प्रकारच्या आणि जुलै २०२१ पासून सर्वच नव्या विजेच्या मोटारींना असा आवाज सक्तीचा झाला. ताशी २० किलोमीटर वेगापर्यंत तो आला पाहिजे. त्या वेगाला तो ५६ डेसिबलपेक्षा कमी नसावा आणि कधीही ७५ च्या वर जाऊ नये, असे तिथले माप आहे. आपण समोरासमोर बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबल धरतात. म्हणजे गोंगाट नको, पण कळायला तर हवे.

आपल्या देशात यासाठी एआयएस-१७३ नावाचे मानक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने नियमाचा मसुदा काढला. माणसे व माल नेणाऱ्या विजेच्या नव्या मॉडेलच्या गाड्यांना १ ऑक्टोबर २०२६ पासून आणि आधीपासून बनत असलेल्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०२७ पासून हा आवाज सक्तीचा करावा, असे त्यात म्हटले होते. त्या मसुद्यात दुचाकी नव्हत्या. म्हणून विजेच्या स्कूटरपासून विशेष जपावे.

आवाज कसा असावा हे गाडी बनवणारे ठरवतात. पुणे जिल्ह्यात चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या काही विजेच्या गाड्यांसाठी संगीतकार ए. आर. रहमान यांनी आवाज तयार केले आहेत.

आपण काय करावे?

विजेच्या गाड्या वाढणारच. एस.टी.ची विजेवरची शिवाई बस १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. आपल्याच जिल्ह्यात माथेरानला डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा आल्या. धूर नाही, घरघर नाही, हे चांगलेच आहे. पण आपल्याकडचा पाऊस विसरू नका. पत्र्यावर सरी कोसळू लागल्या की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही, तिथे गाडीची गुणगुण काय ऐकू येणार? म्हणून नुसत्या आवाजावर भिस्त ठेवू नये. मुलांनो, रस्ता ओलांडताना कान द्या आणि मान वळवून दोन्हीकडे पाहा. पालकांनो, ज्यांच्याकडे अशी गाडी असेल त्यांनी ती मागे घेताना आधी मागे पाहावे, आणि म्हातारे माणूस दिसले तर थांबावे.

आजोबांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे. तोवर महाडला गेलो की रस्त्याच्या बाजूने मी चालतो आणि आजोबा आतल्या बाजूने.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी