अंतराळातल्या कणशोधकाची वीज

मे 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ‘एएमएस-02’ हा वैश्विक किरण मोजणारा कणशोधक बसवला गेला. स्थानकाकडून त्याला सुमारे 120 व्होल्टची डीसी वीज मिळते. कन्व्हर्टर ती आधी 28 व्होल्टवर उतरवतात. मग प्रत्येक उपकरणाला लागेल तसं व्होल्टेज तयार होतं.

खरी डोकेदुखी विजेतल्या गोंगाटाची. 0.3 मिलिमीटर जाडीच्या सिलिकॉनमधून एखादा कण आरपार गेला, की हाती लागतात जेमतेम 20-25 हजार इलेक्ट्रॉन. पुरवठा जरासा थरथरला तरी एवढा क्षीण संकेत त्यात बुडून जातो. त्यातच या शोधकाच्या पोटात भलामोठा चुंबक! त्याचं क्षेत्र कन्व्हर्टरपर्यंत झिरपलं, तर त्यातल्या ट्रान्सफॉर्मरचा फेराइट गाभा संपृक्त होतो आणि ट्रान्सफॉर्मर नावापुरता उरतो. त्यामुळे कन्व्हर्टर कुठे बसवायचा, हाही डिझाइनचाच भाग.

काही उपकरणांना लागणाऱ्या उच्च व्होल्टेजची तऱ्हा निराळी. पूर्ण निर्वातात ठिणगी सहजी पडत नाही. पण कुठे कोपऱ्यात विरळ हवा अडकली, की काही शे व्होल्टलाही पडते. म्हणून असे भाग रेझिनमध्ये बुजवतात, नाहीतर हवेला बाहेर पडायला वाट ठेवतात.

वैश्विक किरणांमधला एखादा जड आयन कन्व्हर्टरमधला मॉसफेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, जाळू शकतो; म्हणून मॉसफेट क्षमतेच्या बराच खाली वापरायचा आणि जोडीला राखीव सर्किट ठेवायचं. शिवाय प्रश्न उष्णतेचा: ती वाहून न्यायला बाहेर हवा नाही. एएमएस वापरतो ती सुमारे 2 किलोवॉट वीज शेवटी उष्णता होऊन रेडिएटरमधूनच बाहेर टाकावी लागते. 2019-20 मध्ये अंतराळवीरांनी चार स्पेसवॉक करून जे बदलले, ते शीतकरणाचे पंपच होते.