सडपातळ माणसाला मधुमेह का होतो?

धामणगाव बढ्याच्या शिवारात राबणाऱ्या एखाद्या सडपातळ शेतकऱ्याची रक्तातील साखर वाढलेली आढळली, की 'अंगावर मांस नाही, मग हा रोग कसा?' अशी पृच्छा होतेच.

याच्या उत्तराचा एक धागा जन्मापासूनच्या बांध्यात सापडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून नजीकच्या सहा खेड्यांत जो अभ्यास आरंभिला, त्यात असे दिसले की, नवजात बालके सरासरी २.७ किलोची, इंग्रज बालकांहून सुमारे ८०० ग्रॅमने हलकी असूनही चरबी त्या प्रमाणात घटलेली नव्हती. उणीव होती ती स्नायूंची.

इन्सुलिन हा पेशींना साखर स्वीकारण्याचा हुकूम. परंतु अशा चरबी टिकून स्नायू उणावलेल्या देहात, वरून सडपातळ दिसला तरी, यकृतातील प्रच्छन्न चरबी त्याची अंमलबजावणी रोखते, अल्प स्नायूंत साखर पुरेशी खपत नाही, आणि अखेर स्वादुपिंड थकते. म्हणूनच मधुमेहतज्ज्ञ वजनाबरोबर कंबरही मोजतात. तिशी उलटताच, बांधा कसाही असो, रक्त अवश्य तपासून घ्यावे.