गोणाईचे घर आणि जनीची साक्ष

परभणी जिल्ह्यातील कोणत्याही गावी एखाद्या नव्वदीच्या वृद्धेस तिचे वय विचारावे, तर ते आकड्यात सहसा मिळत नाही. पोलीस ॲक्शनच्या पुढच्या उन्हाळ्यात आपले लग्न लागले, थोरला झाला त्या साली गंगेला, म्हणजे गोदावरीला, मोठा पूर होता आणि बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलो तेव्हा धाकटी पोटात होती, अशा खुणांच्या आधाराने ती आपल्या आयुष्याची वाट सांगत जाते. ऐकणाऱ्याने थोडा हिशेब केला की साल उलगडते. परंतु जिने साठ वर्षे घर राखले, कणगीतला दाणा पुढच्या सुगीपर्यंत पुरवला, सुनांची बाळंतपणे केली आणि भावाभावांतील वाटणीचा तंटा कचेरीपर्यंत जाऊ दिला नाही, तिच्या चरित्राला या सांगण्यापलीकडे दुसरा पुरावा बहुधा नसतो.

कागद नसण्याचे कारण केवळ निरक्षरता हे नव्हे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत, म्हणजे पोलीस ॲक्शन होईपर्यंत, हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि दफ्तर उर्दूत चाले. सेतवार असो की पुढे 1954-55 साली तयार झालेले खासरा पत्रक असो, जमीन ज्याच्या नावे त्याचीच नोंद, हा सरकारी रिवाज. घरधनी निवर्तल्यावर वारसाच्या फेरफारात ‘मयताची बायको’ एवढ्याच ओळखीने तिचा दफ्तरात प्रथम प्रवेश होई. माहेरचे नाव लग्नात बदललेले, माहेरचे गाव कोणत्याही रकान्यात नाही. मग नातवंडांनी आजीचा शोध घ्यावा तरी कोणत्या दाखल्यावरून?

तथापि याच भूमीने सातशे वर्षांपूर्वी एका थोरल्या बाईची आणि तिच्या भरल्या घराची नोंद निराळ्या मार्गाने करून ठेवली आहे, आणि ती करणारी बाई गंगाखेडची होती. ते घर संत नामदेवांचे, आणि घराणे मूळचे नरसीचे. हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात असले तरी 1 मे 1999 रोजी नवा जिल्हा होईपर्यंत ते परभणीतच मोडत असे. नामदेवांचा जन्म 1270 सालचा मानतात; तो नरसीस झाला की पंढरपुरी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. वडील दामाशेटी शिंपीकाम करीत, आई गोणाई. या घरी, गोदाकाठच्या गंगाखेडातील दमा आणि करुंड या दांपत्याची मुलगी जनी लहानपणीच आली, आणि दळणकांडण, झाडलोट, पाणी, शेणी असे घरातले हरएक काम करीत तिने तेथेच जन्म काढला.

जनाबाईच्या नावावर असलेल्या अभंगांपैकी एकात या कुटुंबाची गणती आहे. वंशावळ लिहिणारा कारकून मूळ पुरुषापासून आरंभ करील. जनी आरंभ करते ती गोणाई आणि राजाई या सासूसुनांपासून. त्यानंतर दामा आणि नामा हे बापलेक. मग नारा, विठा, गोंदा, महादा हे नामदेवांचे चार पुत्र. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना. लेक लिंबाई, बहीण आऊबाई. आणि शेवटी स्वतः जनी. पंधरा माणसांच्या या घरात नऊ बायका आहेत, प्रत्येकीस नाव आहे, आणि पहिले नाव घरातल्या सर्वांत वडील स्त्रीचे आहे. स्वयंपाकघरातून घराकडे पाहणाऱ्या मनुष्यास घर याच क्रमाने दिसते, आणि हा क्रम मला अत्यंत सत्य वाटतो.

गोणाईचे जे चित्र परंपरेने जपले, त्यात तिचे दैवतीकरण नाही, हे विशेष. पुत्रासाठी नवस करणारी गोणाई जनीच्या अभंगात आहे; आणि नामदेवांच्या गाथेत गोणाईच्या तोंडी जे अभंग आहेत, त्यांत तीच स्त्री विठ्ठलाशी सरळ भांडते. मुलाने सुईदोरा टाकला, घरात धान्य नाही, सुनेच्या अंगावर धड वस्त्र नाही, आणि ज्या देवाकडे मागून मूल घेतले त्यानेच ते आपल्याकडे ओढून नेले, ही तिची तक्रार आहे. ही संसाराची कैफियत आहे; संताच्या आईने असे बोलू नये, असे तिच्या काळी कोणास वाटले नाही, आणि म्हणूनच गोणाई आज जिवंत आहे. आपण मात्र गेलेल्या आजीविषयी लिहू लागलो की तिचा राग, तिचा हट्ट, एखाद्या जावेशी तिने वर्षानुवर्षे धरलेला अबोला, हे सारे पुसून टाकतो आणि प्रेमळ, कष्टाळू, सोशिक अशा तीन विशेषणांत तिला गुंडाळतो. ती विशेषणे कोणत्याही आजीस लागू पडतील; ज्या आजीस आपण गमावले, तिची ओळख त्यांत नसते.

गोणाईच्या घराचा शेवटही परंपरेने स्मरणात ठेवला आहे. ती सांगते की 1350 साली पंढरपूरच्या महाद्वारी नामदेवांसह या कुटुंबानेही समाधी घेतली, आणि बाळंतपणासाठी माहेरी गेलेली सून लाडाई तेवढी मागे राहिली.

जनीने अभंगात जे केले ते पुढे मराठवाड्यातील अगणित बायांनी जात्यावर केले. पहाटेच्या अंधारात सासूसुना किंवा जावाजावा समोरासमोर बसत. खुंटा दोघींच्या हाती, एकीचा मोकळा हात मधूनमधून जोंधळ्याची वैरण घाली, पहिली ओळ एक म्हणे, दुसरी ती उचलून पुरी करी, आणि पाळीभोवती पिठाचे कडे साठत जाई. त्या ओव्यांत आई आहे, माहेरची वाट आहे, पंचमीला न्यायला आलेला भाऊ आहे, विठ्ठल आहे, आणि विठ्ठलाने जिच्यासाठी दळले ती गंगाखेडची जनाही आहे. आई वारल्यावर माहेर कसे परके होते, हे ज्या मोकळेपणाने जात्याशी सांगता येई, तसे चारचौघांत सांगण्याची सोय नव्हती. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या तेव्हा बायांच्या खांद्यांची व्यथा मिटली, आणि ते अवश्य झाले पाहिजे होते. पण त्यासोबत ओवीची वेळही गेली.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतील पुष्कळ आज ‘पारी’ या संकेतस्थळावर, गाणारीचे नाव आणि गाव यांसह, तिच्याच आवाजात ऐकता येतात. परभणी जिल्ह्यातील बायांचे आवाजही त्यांत आहेत. ओवी कोणाची हे नोंदवण्याचा आग्रह मला या कार्यातील सर्वांत थोर भाग वाटतो.

घरोघरी हे काम करायचे तर त्यास मोठा सरंजाम लागत नाही. ‘तुझ्या आयुष्याबद्दल सांग’ असा प्रश्न केल्यास कोणतीही आजी ‘काय सांगायचं बाबा’ म्हणून गप्प बसेल. त्याऐवजी विचारावे: माहेरी तुला काय नावाने हाक मारीत? माहेराला जाताना बैलगाडी पूर्णा ओलांडी की दुधना, आणि पूर असला तर रात्र कोठे काढीत? दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी घरी कोणासाठी राखून आणलीस? मिलो ज्वारीची भाकर पहिल्यांदा खाल्लीस तेव्हा काय वाटले? अशा प्रश्नांनी दार उघडते, आणि एकदा उघडले की ती स्वतःच पुढे बोलू लागते. ती बोलते त्याच बोलीत लिहून घ्यावे. पुस्तकी भाषेत सुधारून ठेवलेल्या आठवणीतून तिचा आवाज निघून जातो.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहावे, असा नियम महाराष्ट्र शासनाने केला आहे. दफ्तराने उशिरा का होईना, ही सुरुवात केली. परंतु ज्या आज्या आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत, त्यांना त्या नियमाचा उपयोग नाही. त्यांचे लिहून घेणे हे घरच्या माणसांचेच काम आहे. येत्या पंचमीला किंवा महालक्ष्म्यांना लेकीसुना एकत्र जमतील, तेव्हा एक वही काढावी, पहिल्या पानावर घरातल्या सर्व बायकांची माहेरच्या नावांसह यादी करावी, आणि आरंभ थोरलीपासून करावा.