परिचारकाची पारख

चिकित्सेच्या चतुष्पादांत वैद्य प्रमुख खरा. परंतु परिचारक हा पाद लंगडा असेल, तर उरलेले तीन तोल सावरू शकत नाहीत. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे परिचारकाचे चार गुण आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केले. तरीही प्रत्यक्ष माणूस नेमताना आपण बहुधा दोनच प्रश्न विचारतो : पूर्वी काम कोठे केले, आणि वेतन किती घेणार? आम्हीही अनेक वर्षे हेच करीत होतो. त्याची किंमत आमच्या एका रुग्णास मोजावी लागली.

पंचकर्म विभागासाठी आम्ही एक अनुभवी मदतनीस नेमला होता. अभ्यंगात त्याचा हात उत्तम, काम झपाट्याचे. मात्र नवख्या सहकाऱ्यांस तो सर्वांदेखत झिडकारीत असे. ‘कामाचा माणूस आहे’ म्हणून आम्ही काणाडोळा केला. एके दिवशी पक्षाघाताच्या रुग्णास नाडीस्वेद देताना पाय भाजून फोड आले. पायास सुप्तता असल्याने रुग्णास चटका जाणवलाच नाही. वाफ फार जवळून दिली जात आहे, हे शेजारी उभ्या असलेल्या नव्या मुलीच्या ध्यानी आले होते. बोलण्याचे धैर्य मात्र तिला झाले नाही. जखम भरली. ती मुलगी पुढे काम सोडून गेली. दोष एकट्या मदतनीसाचा नव्हता. चूक दाखविणाऱ्यासच बोलणी बसावीत, असे वातावरण आम्हीच चालू दिले होते.

त्यानंतर चरकसंहितेतील उपकल्पनीय अध्याय आम्ही नव्याने वाचला. तेथे स्वयंपाकी, स्नान घालणारे, अंग रगडणारे, रुग्णास उठविणारे-निजविणारे, औषध वाटणारे अशा सेवकांची यादी आहे. त्यांच्या गुणांत शील, शौच व आचार आधी येतात, उपचारकौशल्य नंतर. आणि कोणत्याही कामात ते प्रतिकूल नसावेत, अशी अपेक्षा आहे. हा क्रम आम्हांस मार्गदर्शक वाटला. अभ्यंगाची पद्धत काही महिन्यांत शिकविता येते. शील शिकविणे फार कठीण.

आता आम्ही उमेदवारास एक प्रश्न आवर्जून विचारतो : ‘आपल्या हातून झालेली एखादी चूक सांगा. ती कोणास सांगितलीत?’ चूक कधी झालीच नाही म्हणणाऱ्याविषयी आम्ही सावध होतो. त्यानंतर आठ दिवस सवेतन काम पाहतो आणि निर्णयापूर्वी सर्वांत कनिष्ठ सेवकाचे, झाडलोट करणाऱ्या मावशींचेही मत घेतो. वैद्यासमोर सारेच नम्र असतात. मावशींशी कोण कसे बोलतो, हे त्याच जाणतात.

येथे एक सावधगिरी हवी. ‘आपल्यात मिसळणारा’ म्हणजे आपल्या गावचा, नात्यातला वा जातीतला नव्हे. सुश्रुताचार्यांनी परिचारक वैद्याचे वचन पाळणारा असावा असे म्हटले, ते खरे. परंतु त्याच ठिकाणी तो रुग्णाच्या रक्षणात तत्पर असावा, असेही सांगितले आहे. म्हणून वैद्याची चूक दिसताच नम्रपणे सांगणारा परिचारक आम्हांस अधिक अनुकूल वाटतो.

औषधनिर्मिती करणाऱ्या बंधु-भगिनींसही हे लागू आहे. बरणीवरील चिठ्ठी निघाली असता वासावरून चूर्ण ओळखून मोकळा होणारा कामगार चतुर दिसतो. ती बरणी बाजूला ठेवून ‘खात्री नाही’ म्हणणारा कामगार औषधालयाची अब्रू राखतो. मात्र माल वाया गेला म्हणून त्याच्यावर ओरडणारा मालक असेल, तर पुढच्या वेळी तोही गप्प राहील.

तेव्हा नवा माणूस पारखण्यापूर्वी आपले घर पारखावे. आपल्याकडे चूक सांगणाऱ्यास काय मिळते, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. मगच जाहिरात द्यावी.