डाएट सुरू करण्याआधी गोळ्यांची स्ट्रिप दाखवा

काळेवाडीत पहाटे कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्यांमध्ये वजनाचा विषय हमखास निघतो. कोणी दोनदाच जेवतो, कोणी पोळी-भात सोडलाय, कोणाच्या मेहुण्याने इंजेक्शन घेऊन पोट उतरवलंय. शिफ्टची ड्युटी, अपुरी झोप, कॅन्टीनचं जेवण यांनी पोट सुटतं, आणि ते कमी करायची धडपड योग्यच आहे. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, सगळ्यांना वजन उतरल्याचा फायदा होतो. पण या गप्पांत एक प्रश्न कोणी विचारत नाही: तू आधीपासून कुठल्या गोळ्या घेतोस? जिवावर बेतणारे कितीतरी प्रसंग याच प्रश्नापाशी टळू शकतात.

गैरसमज: धोका औषधांचा असतो, नुसत्या डाएटने काय होणार?

वस्तुस्थिती: दिवसातून दोनदाच आणि दर वेळी 55 मिनिटांच्या आत जेवायचं, ही पद्धत डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवली. सुरू करण्याआधी उपाशीपोटी इन्सुलिन आणि एचबीएवनसी तपासून घ्या, असं दीक्षित सांगतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना नेमका तोच भाग गळतो. निरोगी माणसाला दोन जेवणं सहसा झेपतात. ग्लिमेपिराइड घेणाऱ्याचं तसं नाही. मधुमेहाची ही नेहमीची गोळी, बऱ्याचदा मेटफॉर्मिनसोबत एकत्रच दिलेली. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणं हे तिचं काम. तुम्ही जेवलात की नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही. सकाळी गोळी घेतली, नाश्ता सोडला आणि चाकणला प्रेस मशीनवर उभं राहिलं, की थोड्या वेळाने दरदरून घाम, हातांना थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. साखर 70च्या खाली गेल्याची ही लक्षणं. घरात असता तर गूळ-साखर खाऊन सावरता येतं. चालत्या मशीनसमोर हात जाऊ शकतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका. जेवणाच्या वेळा बदलायच्या तर आधी डोस बदलावा लागतो, आणि तो डॉक्टरांनीच.

दुसरी गोळी जास्त फसवी आहे. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकते. 2020मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, गोळी स्वस्त झाली आणि सर्रास दिली जाऊ लागली. औषध उत्तम आहे. हृदय आणि मूत्रपिंडालाही त्याचा फायदा होतो. पण ते चालू असताना पोळी, भात, डाळ बंद करून किटो डाएट धरलं, किंवा नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास केले, तर शरीर चरबी जाळून कीटोन तयार करत सुटतं आणि रक्तातलं आम्ल वाढू शकतं. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी सुरुवात होते. घरच्या मीटरवर साखर मात्र दोनशेच्या आत दिसू शकते, म्हणून ‘पित्त झालंय’ असं समजून सोडा किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी दिली जाते. या कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. रुग्णालयात पोचल्यावर ही गोळी चालू असल्याचं सर्वांत आधी सांगा.

गैरसमज: काटा जितक्या झपाट्याने उतरेल तितकं चांगलं.

वस्तुस्थिती: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्यातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, हे त्यातून जगाला कळलं. अशा शरीराला उपाशी ठेवलं की चरबीबरोबर आधीच तुटपुंजे असलेले स्नायूही झडतात. काट्याला यातला फरक कळत नाही. शिवाय आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगाने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. ‘महिन्यात 10 किलो’ ही जाहिरात म्हणूनच मला धोक्याची वाटते. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे.

गैरसमज: इंजेक्शन घेतलं की वजन कायमचं गेलं.

वस्तुस्थिती: मौन्जारो भारतात मार्च 2025मध्ये आलं, वेगोव्ही जूनमध्ये. ही खरोखर प्रभावी औषधं आहेत. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परतही आलं. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता नेहमीच्या. क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. गरोदरपणात किंवा मूल हवं असताना ती चालत नाहीत, आणि मौन्जारोमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, हे तर प्रत्येक तरुणीला सांगायलाच हवं. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल तर ती घेऊच नयेत. ग्लिमेपिराइडसोबत घेतली तर साखर उतरण्याचा धोका इथेही आहेच. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा, कारण या औषधाने पोट उशिरा रिकामं होतं. चिठ्ठीशिवाय, ओळखीतून ती घेऊ नका.

गैरसमज: आयुर्वेदिक पावडरीला साइड इफेक्ट नसतात.

वस्तुस्थिती: वैद्याने तपासून दिलेलं औषध आणि लेबल नसलेल्या डब्यातली पावडर यांत फार अंतर आहे. सिब्युट्रामाइन हे भूक मारणारं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे अमेरिकेत 2010मध्ये बाजारातून गेलं, भारतात 2011मध्ये बंद झालं. त्यानंतरही ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सुलांमध्ये ते लपवून मिसळलेलं वारंवार सापडलं आहे. पावडर सुरू केल्यावर छातीत धडधड, झोप उडणं, डोळे किंवा लघवी पिवळी होणं असं काही दिसलं, तर ती लगेच बंद करा आणि डबा घेऊन डॉक्टरांकडे जा.

थायरॉइडचा आजार नसताना वजनासाठी थायरॉक्सिन घेणं हृदयाला घातक आहे. त्यावर वेगळी चर्चा नकोच.

डाएट ठरवलंच असेल तर घरातल्या सगळ्या स्ट्रिपा आणि पावडरीचा डबा एका पिशवीत भरा. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे किंवा महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयात ती पिशवी रिकामी करा आणि विचारा: जेवण कमी केलं तर यातली कुठली गोळी कमी करायची, कुठली थांबवायची? उत्तर कागदावर लिहून घ्या. डाएट त्यानंतर.